न बांधलेल्या घराचा उंबरठा

“हे डाग निघतील, काका,” गुरुप्रसाद म्हणाला, आणि कागदावर डाग आहेत हे सुधींद्राला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

लग्न झाल्यापासून हे कागद त्याच्या घरात होते. बिऱ्हाड बदललं, कपाटं बदलली, मुलगा मोठा होऊन हुबळीला गेला, पण पद्माच्या वडलांची ती लांबट लाकडी पेटी आणि तिच्यातले तीन कागद बरोबर येतच राहिले. त्याला ते पाठ होते. केलगेरीच्या तळ्याचं जलरंगातलं चित्र, त्यात बांधावरून चाललेली एक बाई आणि तिच्या मागं एक म्हैस. उणकलच्या देवळाचं पेन्सिलीनं काढलेलं चित्र, त्यात ते काढणाऱ्या इंग्रज साहेबानं देवळापेक्षा झाडाच्या सावलीवरच जास्त मेहनत घेतलेली. आणि तिसरा, सगळ्यांत मोठा कागद, तळ्याकाठच्या बंगल्याचा. वरच्या अर्ध्यात बंगला समोरून कसा दिसेल ते, खालच्या अर्ध्यात नकाशा, भिंती तांबूस रंगाच्या पाण्यानं भरलेल्या. पण डाग? त्यानं चष्मा काढून पुसला. गुरुप्रसादनं जेवणाच्या टेबलावर धुतलेली चादर अंथरून घेतली होती, साबणानं हात धुऊन पंख्याखाली वाळवले होते, आणि आता एका डोळ्याला भिंग लावून तो घड्याळजीसारखा कागदावर वाकला होता. दुसऱ्या हातातली छोटी बॅटरी तो कागदाच्या कडेला आडवी धरायचा, म्हणजे कागदावरचा प्रत्येक उंचवटा सावली टाकायचा. सपाट वाटणारा कागद एवढा खडबडीत असतो हे बघून सुधींद्राला अवघडल्यासारखं झालं. डॉक्टरनं घरच्या माणसाचा एक्स-रे सगळ्यांसमोर उजेडात धरावा तसं.

गुरुप्रसाद तसा परका नव्हता. मुलाच्या, अनिशच्या वर्गातला. शाळेत असताना शनिवारी दुपारी यायचा आणि पद्माच्या हातचं चुरमुऱ्यांचं गिरमिट दोनदा मागून खायचा. आता बेंगळूरला, जुनी चित्रं लिलावात विकणाऱ्या एका कंपनीत होता. चित्र बघायचं, खरं की खोटं ते ठरवायचं आणि लिलावात किती भाव येईल त्याचा अंदाज द्यायचा, एवढंच त्याचं काम. एवढ्या कामाला पगार मिळतो हे पद्माला पटलं नसतं. आल्या आल्या तो तिच्या फोटोसमोर उभा राहिला, नमस्कार केला, आणि मग फोटोची फ्रेम सरळ केली. ती वाकडी नव्हती.

हे कागद काढणाऱ्या विल्मॉट साहेबाचं नाव आता पुढं येतंय, असं तो सांगत होता. साहेब इथं धारवाडला असताना त्यानं रेल्वेचे बंगले बांधले, वसतिगृह बांधलं, दोनतीन कचेऱ्या बांधल्या, आणि पुढं कुणी त्याला विचारलं नाही. आता मुंबईतले आणि परदेशातले लोक अशा वास्तुकारांचे हातचे कागद शोधत असतात. तळ्याचं चित्र सुरेख आहे, त्याला गिऱ्हाईक मिळेल. देवळाचं लहान आहे, पण जाईल. खरी किंमत बंगल्याच्या कागदाला. सुधींद्राला वाटलं होतं उलटं असेल, नकाशा कोण भिंतीवर लावणार. गुरुप्रसाद म्हणाला, जे बांधलं गेलं ते जाऊन बघता येतं, हे घर मात्र या कागदाखेरीज जगात कुठंच नाही. हे बोलताना त्याचा आवाज जरा खाली आला होता, आणि सुधींद्राला तो त्यामुळं आवडला. पण मग त्यानं भिंग पुढं केलं आणि सुधींद्राला वाकून बघायला सांगितलं. तळ्याच्या आणि देवळाच्या कागदांवर डाग उजव्या कोपऱ्यात, सहीखाली होते. ते फ्रेमखाली झाकले जातील. बंगल्याच्या कागदावर कोपऱ्यात थोडेच होते, जुने, तपकिरी पडलेले. बाकीचे मधोमध. नकाशातल्या पुढच्या दारात.

“आधी मला बुरशी वाटली,” तो म्हणाला. “हळद-कुंकू आहे री काका. बरोबर उंबरठ्यावर लावलंय. आणि एक गंमत बघा. हे खालचे जुने आहेत, एकावर एक. मग बरीच वर्षं काही नाही. आणि हा एकच ताजा. आणि तो ओढला गेलाय आतपर्यंत, हात लागून.”

बेंगळूरला एक बाई आहेत, कागदावरचे डाग काढण्यात तरबेज. जुने निघतील, ताजा जरा त्रास देईल, पण तोही निघेल. तसाच ठेवला तर भाव निम्म्याच्याही खाली येईल, कदाचित कुणी हातही वर करणार नाही. गुरुप्रसादनं फोटो काढले, मापं घेतली आणि कागद परत पेटीत ठेवले. रात्री तो हुबळीला आईकडं राहणार होता. उद्या जाताना येईन, कागद घेऊन जाईन, तेवढं डागांचं हो-नाही ठरवून ठेवा, असं सांगून तो निघाला. दारात बूट घालताना मात्र थांबला. “काकूंनीच लावलं असेल ना?” असं त्यानं विचारलं. सुधींद्र म्हणाला, असेल. तेवढंच त्याला खरं सांगता येण्यासारखं होतं.

गावाजवळच्या बेलूरच्या कारखान्यात सुधींद्र स्टोअरकीपर होता. माल आला की बघून घ्यायचा, आणि कशाला गंज लागला असेल, पोचा आला असेल, तर त्यावर खडूनं ‘डागी’ असं लिहून तो कोपऱ्यात सारायचा. सारी नोकरी हा शब्द लिहीत काढली. आता तो टेबलापाशी एकटा बसला, पेटीचं झाकण उघडं, आणि तोच शब्द त्याच्या डोक्यात घोळू लागला. त्याला राग यायला हवा होता, पण आला नाही. उलट एक चमत्कारिक हाव सुटल्यासारखं झालं. पद्मा गेल्यापासून घरात तिचं नवीन असं काही सापडलं नव्हतं. साड्या श्रीलक्ष्मीनं आवरून ठेवल्या होत्या, औषधं परत केली होती, चष्मा फोटोखाली होता. जे होतं ते सगळं त्याच्या ओळखीचं होतं आणि रोज बघून बघून पुसट होत चाललं होतं. तिचा चेहरा आठवायला गेलं की फोटोच आठवायचा. आणि आज अचानक तिनं केलेली अशी एक गोष्ट पुढं आली होती जी त्याला माहीतच नव्हती. गुरुप्रसाद ती पुसून देणार होता.

त्याला माहीत नसण्याचं खरं कारण म्हणजे खंडेनवमीला तो कधी घरी नसायचा. कारखान्यात खंडेनवमी म्हणजे दिवाळीपेक्षा मोठा सण. सकाळपासून यंत्रं पुसायची, झेंडूच्या माळा घालायच्या, लेथला कुंकू, पान्याला कुंकू, फाटकाशी कोहळा फोडायचा, चुरमुरे आणि पेढे वाटायचे. स्टोअरमधल्या तराजूची पूजा त्याच्याकडं असायची. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा शर्टाच्या बाहीला कुंकू लागलेलं असायचं, आणि घरात पद्माचं सगळं आटोपलेलं. शिवणयंत्राला, विळीला, अनिशच्या सायकलीला बोटं लागलेली. कोपऱ्यात तिच्या वडलांची, अण्णांची पेटी उघडी, रेघा आखायच्या टी-स्क्वेअरवर आणि कंपासच्या डबीवर एकेक फूल, आणि शेजारी ते कागद. कागदांनाही ती हळद-कुंकू लावते हे त्याला माहीत होतं. तिचे वडील लावायचे म्हणून ती लावायची. अण्णा कोपऱ्यात लावायचे, साहेबाच्या सहीखाली. तीही तिथंच लावत असणार असं त्यानं धरलं होतं. धरलं होतं म्हणजे, विचार असा कधी केलाच नव्हता. भिंतींचा रंग मुळातच तांबूस, त्यात दारातलं कुंकू वेगळं दिसायचं नाही.

अण्णा सरकारी बांधकाम खात्यात ट्रेसर होते. साहेबानं काढलेल्या आराखड्यावर पारदर्शक कापड पसरून ते शाईनं तो जसाच्या तसा उतरवून घ्यायचे. विल्मॉट साहेबाला म्हणे केलगेरीच्या तळ्याकाठी स्वतःसाठी घर बांधून इथंच म्हातारं व्हायचं होतं. जागा बघून ठेवली होती, खिडक्यांना लाकूड कुठलं आणायचं तेही ठरलं होतं. मग स्वातंत्र्य आलं, साहेब निघाला, त्यानं सामान विकलं आणि हे तीन कागद कोवळ्या वयाच्या अण्णांच्या हातात दिले. का दिले हे अण्णांना शेवटपर्यंत सांगता आलं नाही. कुणाला तरी द्यायचे होते आणि मी समोर होतो, एवढंच म्हणायचे. तेव्हापासून खंडेनवमीला टी-स्क्वेअरच्या बरोबरीनं या कागदांची पूजा. पद्माच्या लग्नाच्या आधीच ते वारले. थोरल्या बहिणीनं, अंबूताईनं पाटल्या घेतल्या आणि पद्माला विचारलं, तुला काय पाहिजे. पद्मा म्हणाली, पेटी. आमच्या पद्मानं सोनं सोडून सुतारकाम नेलं, असं अंबूताई प्रत्येक लग्नामुंजीत सांगायची, आणि पद्मा सगळ्यांच्या आधी हसायची.

हसायची ती. कुणी काही बोललं की आधी हसायची. लग्नानंतर माळमड्डीला हिराबाईंच्या घरात त्यांनी दोन खोल्या घेतल्या तेव्हाचंही त्याला तेच आठवत होतं. पहिल्याच आठवड्यात पद्मा पहाटे उठली, पुढच्या दाराचा उंबरठा धुतला, हळद-कुंकू वाहिलं, दोन बोटांची रांगोळी काढली. हिराबाई बाहेर आल्या, ओल्या फडक्यानं ते सगळं पुसलं, आणि त्याच जागी आपलं हळद-कुंकू वाहिलं. “भाडं खोल्यांचं देता तुम्ही,” त्या म्हणाल्या होत्या. “उंबरठा माझा आहे.” तो कामावरून आल्यावर पद्मानं हिराबाईंची नक्कल करून दाखवली, कमरेवर हात ठेवून, मान वाकडी करून, आणि ती इतकी हसली की तोही हसत सुटला. गोष्ट तिथं संपली असं त्याला वाटलं. आता टेबलापाशी बसून तो ते हसणं परत परत ऐकायचा प्रयत्न करू लागला, आणि जितकं ऐकायला जावं तितकं ते त्याच्या हातून निसटू लागलं. शेजारच्या आवारात कुणीतरी मोटार धूत होतं. पाण्याचा आवाज येत होता. त्या आवाजात त्याला माळमड्डीच्या मोरीतला आवाज मिसळल्यासारखा वाटला, भांडी घासताना ती मधेच थांबायची तो.

हा कागद त्यांनी खरा वापरला तो त्याच दोन खोल्यांत. संध्याकाळी वीज गेली की कंदील लावायचा, कागद खाटेवर पसरायचा, आणि पद्मा बोटानं त्या घरात चालायची. आधी उंबरठ्याशी थांबायची आणि त्याच्या बोटाला म्हणायची, चपला काढा. मग व्हरांडा, मग मोठी खोली. साहेबानं स्वयंपाकघर अंगणापलीकडं, नोकरांच्या खोल्यांशेजारी टाकलं होतं, त्यावरून ती साहेबाशी कडाकडा भांडायची. भाकरी तिथून जेवणघरात येईपर्यंत गार होणार, याला घरात कोण करून घालत होतं कुणास ठाऊक. बंदुका ठेवायच्या खोलीत तिनं धान्याचे डबे लावले होते. कपडे बदलायच्या खोलीत देव बसवले होते. मोठ्या खोलीच्या टोकाला डावीकडं वळून गेलं की पश्चिमेला एक लहान खोली होती, तिला तळ्याकडं तीन खिडक्या, आणि साहेबानं तिच्यात कसली खोली ते काही लिहिलं नव्हतं. पद्मा म्हणायची, ही माझी. तिथं काय करणार असं त्यानं विचारलं की म्हणायची, काही नाही, बसणार. तो मुद्दाम आपलं बोट मोठ्या खोलीतून सरळ तिकडं न्यायचा, आणि ती त्याच्या बोटावर चापट मारायची. “भिंतीतून कुठं निघालात? दारातून या.” तिचं बोट नेहमी अंगण ओलांडून आधी स्वयंपाकघरात जायचं. तिथं चुलीवर दूध ठेवून, मग देवघर, मग धान्याची खोली, आणि स्वतःच्या खोलीत ती पोचेपर्यंत वीज यायची किंवा अनिश रडून उठायचा. वीज आली की कागद पेटीत. तळ्याच्या काठचं ते घर त्या वयात त्याला खरंच होईलसं वाटायचं, म्हणजे तसलं नाही, पण कसलंतरी. तेव्हा दोघांकडं मिळून एक स्टोव्ह आणि दोन खुर्च्या होत्या, आणि तरी आता मागं वळून बघताना त्याला ती दोन खोल्यांची जागाच ऐसपैस वाटत होती.

मग केलगेरीला हे घर झालं. तळं दिसत नाही, पण पश्चिमेचा वारा असला की पाण्याचा वास येतो. गवंडी म्हणाला होता, हल्ली उंबरठा कुणी ठेवत नाही, केर काढताना अडतो. पद्मा त्याला म्हणाली, मग तुझं घर तसं बांध. सागवानी उंबरठा बसला, आणि त्या दिवसापासून रोज सकाळी ती त्याच्यापुढं वाकलेली दिसायची. खाटेवर कागद पसरणं बंद झालं. वीज जायची तेव्हा अंगणात खुर्च्या टाकून बसायचे. मग बरीच वर्षं काही नाही, असं गुरुप्रसाद भिंगातून बघून म्हणाला होता. सुधींद्र उठला आणि पुढच्या दाराशी गेला. उंबरठ्याच्या लाकडात मधोमध एक पिवळसर खोलगट ठिकाण पडलं होतं. ती गेल्यापासून तिथं कुणी बोट लावलं नव्हतं. वर्ष व्हायचं होतं, वर्षाच्या आत घरात सण नाही. त्याच्या पायाखालून जाणारं ते लाकूड इतकं झिजलंय हेही त्यानं आजच पाहिलं.

फोन वाजला. श्रीलक्ष्मीचा, अनिशच्या बायकोचा. रोज दुपारी तिचा फोन यायचा, जेवलात का विचारायला. ती हुबळीची, घरात कन्नड बोलून वाढलेली, सासूला अत्ती म्हणायची, आणि तिचं मराठी ऐकून पद्मा म्हणायची की हिच्या तोंडून भांडण ऐकलं तरी गोड लागेल. सुधींद्रानं तिला कागदाबद्दल विचारलं. मागच्या खंडेनवमीला काय झालं होतं. मागच्या वर्षी दवाखाना जवळ म्हणून पद्माला हुबळीत उणकलला अनिशच्या नव्या फ्लॅटवर नेलं होतं. तिच्या सांगण्यावरून अण्णांची पेटीही नेली होती. त्या दिवशी मात्र तो धारवाडला आला होता, बंद घराला दिवा दाखवायला आणि स्कूटरची पूजा करायला. त्याही वर्षी तो नव्हता.

“हौद री अप्पा, होय, मीच दिली की हळद-कुंकवाची वाटी,” श्रीलक्ष्मी म्हणाली. “अत्तींना उठता येत नव्हतं. खाटेवरच पेटी ठेवली. मग त्यांनी विचारलं, इथं उंबरठा कुठाय गं. मी म्हटलं, फ्लॅटला कुठला उंबरठा, अत्ती, लिफ्टला लावा.”

“मग?”

“हसल्या की. भाळ, खूप हसल्या.” मग तिनं विचारलं, “का री अप्पा? तसं म्हणायला नको होतं?”

सुधींद्र म्हणाला, तसं काही नाही, सहज विचारलं. त्यानं फोन ठेवला. उणकलचा तो फ्लॅट त्याच्या डोळ्यांपुढं आला. लिफ्टच्या दारापासून निजायच्या खोलीपर्यंत एकसारखी पांढरी फरशी, कुठं अडत नाही, कुठं थांबत नाही. पोरांनी प्रेमानं ठेवलं होतं, श्रीलक्ष्मीनं तिचं अंगही पुसलं होतं, कशाला नाव ठेवायला जागा नव्हती. तिथं खाटेवर पडून पद्मा छताकडं बघायची, आणि एकदा म्हणाली होती की हे कागद आता कुणाला तरी देऊन टाका, नीट ठेवणाऱ्याला. तुम्ही एकटे असलात की वाळवी खाईल. तो म्हणाला, एकटा कशाला असेन. तिनं पाणी मागितलं. आजवर त्याला वाटत होतं की त्या बोलण्यात कागद महत्त्वाचे होते. म्हणूनच त्यानं गुरुप्रसादला बोलावलं. तिनं सांगितलेलं तेवढं एकच काम उरलं होतं, आणि ते तो नीट करणार होता. आता तेच काम त्याच्यासमोर दोन तोंडांनी उभं होतं. नीट ठेवणाऱ्याच्या हाती कागद जायचा तर तो स्वच्छ पाहिजे, आणि स्वच्छ करायचा तर तिच्या बोटाचं जे उरलंय ते कापसाच्या बोळ्यानं उचलून टाकायचं. तिच्या सांगण्याप्रमाणं वागायचं तर तिलाच पुसायचं. त्यानं ताटात वाढून घेतलेला भात तसाच झाकून ठेवला.

ऊन उतरायला लागलं तेव्हा त्यानं बंगल्याचा कागद परत काढला. गुरुप्रसादसारखे हात धुतले, वाळवले. टेबल पश्चिमेच्या खिडकीशी ओढलं. सूर्य खाली आला होता आणि उजेड कागदावर आडवा पडत होता, त्या छोट्या बॅटरीसारखा. भिंग नव्हतं. पद्माचा चष्मा फोटोखालून उचलून त्यानं आपल्या चष्म्यावर धरला. दार मोठं झालं. खाली तपकिरी, एकावर एक बसलेली माळमड्डीची वर्षं, लहान बोटाची, टोकाकडं निमुळती. त्यानं आपलं बोट वर, कागदाला न टेकवता, धरून पाहिलं. सगळं झाकलं गेलं. त्याच्यावर तो ताजा डाग, लाल, अजून जिवंत. हात लागून ओढला गेलाय, असं गुरुप्रसाद म्हणाला होता, आणि सुधींद्रालाही ते खरं वाटलं होतं. शेवटी शेवटी तिचे हात थरथरायचे, पेला धरता यायचा नाही. ओढलेली रेघ व्हरांड्यातून आत गेली होती. मोठ्या खोलीत ती फिकट होत होती, कुंकू संपत आलं होतं आणि नुसती हळद राहिली होती. आता ही खोलीच्या टोकाला विरणार, असं समजून त्यानं चष्मा पुढं सरकवला.

रेघ विरली नव्हती. मोठ्या खोलीच्या टोकाला ती डावीकडं वळली होती. त्यानं चष्मा स्थिर धरला. हात लागून ओढलेला डाग वळत नाही. तो जाईल तर सरळ जाईल, भिंतीवरून, रंगावरून, जिकडं हात पडला तिकडं. ही रेघ भिंतीच्या कडेकडेनं गेली होती, जेवणघराचं दार सोडून पुढं, आणि पश्चिमेच्या लहान खोलीच्या दारातून, त्या एवढ्याशा फटीतून, दोन्ही बाजूंच्या तांबूस भिंतींना कुठंही न लागता, आत शिरली होती. खिडकीपाशी थांबली होती. तिथं एक पिवळा ठिपका होता, बोट टेकवून ठेवल्यासारखा, आणि मग काही नव्हतं. अंगणाकडं ती वळलीच नव्हती. स्वयंपाकघर, देवघर, धान्याची खोली, कुठंच नाही. थरथरत्या हातानं, खाटेवर उठून बसून, इतकं जपून दारादारातून जायला तिला किती वेळ लागला असेल. आणि त्या वेळी तो इथं, याच घराच्या दारात, स्कूटरला झेंडूची माळ बांधत होता.

कागदावर डोळ्यांतलं पाणी पडू नये म्हणून तो मागं सरला आणि शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. पद्मा गेल्या दिवसापासून लोक त्याला म्हणत होते, रडून घ्या. ते असं, नकाशा बघताना येईल असं त्याला वाटलं नव्हतं. खिडकीतून वारा आला, त्याला तळ्याचा वास होता, शेवाळाचा आणि ओल्या म्हशींचा. त्याला तिचा चेहरा आठवला. फोटोतला नव्हे. कंदिलाच्या उजेडातला, त्याच्या बोटावर चापट मारतानाचा, खालचा ओठ दातांत धरलेला. ऊन कागदावरून सरकून भिंतीवर गेलं तोपर्यंत तो चेहरा होता.

सकाळी गुरुप्रसाद आला तेव्हा त्याच्याजवळ पातळ लाकडी फळ्यांची पेटी होती आणि सायीसारख्या पातळ कागदाचा गठ्ठा. बूट बाहेर काढून तो आत आला. आईनं दिलेला चुरमुऱ्यांचा डबा त्यानं सुधींद्रापुढं ठेवला आणि लाजत सांगितलं की आईला गिरमिट काकूंसारखं जमत नाही, पण तिला हे कळवू नका. सुधींद्र हसला. मग गुरुप्रसादनं डागांचं काय ठरलं ते विचारलं.

“साफ करायचं नाही,” सुधींद्र म्हणाला.

गुरुप्रसादनं मान डोलावली. त्याला हे अपेक्षित असावं. मग बंगल्याचा कागद घरीच राहू दे, बाकीचे दोन नेतो, असं तो म्हणाला आणि बंगल्याचा कागद उचलून बाजूला ठेवू लागला. सुधींद्रानं त्याचा हात धरला. तिन्ही जायचे. काकूचं सांगणंच तसं आहे, नीट ठेवणाऱ्याकडं द्या म्हणून. इथं वाळवी आहे, आणि उणकलच्या बिनउंबरठ्याच्या फ्लॅटात जाऊन काकूला करायचंय काय. भाव पडला तर पडू दे, वेळ लागला तर लागू दे. पण कागद जसा आहे तसाच जायचा, एक कण न काढता, आणि तसं लिहूनही घ्यायचं.

गुरुप्रसाद कागदाकडं बघत उभा राहिला. धंद्याच्या माणसाला पडेल तीच अडचण त्याला पडली होती, आणि काकांना ती कशी सांगावी हे कळत नव्हतं. “घेणारा विचारणार, काका,” तो शेवटी म्हणाला. “दारातून आत जाणारी ही रेघ कसली. काय सांगू त्याला?”

“सांग, घर रिकामं नाही.”

सायीसारखा एक कागद घेऊन गुरुप्रसादनं बंगल्यावर पसरला. त्याच्यातून भिंती अजून दिसत होत्या, तांबूस, धुक्यातल्यासारख्या, आणि पश्चिमेच्या खोलीतला तो पिवळा ठिपकाही. त्यानं दुसरा कागद हातात घेतला आणि सुधींद्राकडं बघत थांबला. सुधींद्रानं एकदा पाहिलं, आणि घाल म्हणून मान हलवली.